अंत्य मूक ‘ई’ (इंग्रजी वर्णलेखन) : रेगेन्सबर्ग येथील मराठी मुलांचे अध्यापन

इंग्रजी शब्दाच्या अखेरीस लिहिले जाणारे, उच्चारात न उतरणारे, तरीही एका व्यंजनापलीकडच्या स्वराचे मूल्य पालटणारे ‘ई’ हे अक्षर. सी-ए-पी ही अक्षरे ‘कॅप’ अशी वाचली जातात. त्यांच्यामागे ‘ई’ येताच ‘केप’ होतो, आणि याच न्यायाने ‘किट’चा ‘काइट’, ‘नॉट’चा ‘नोट’ व ‘कब’चा ‘क्यूब’ होतो. बालवर्गात यास ‘मॅजिक ई’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे; इंग्लंडमधील अलीकडचे शिक्षक मात्र ‘ए’ व ‘ई’ ही मधल्या व्यंजनाने फाकलेली एकच स्वरजोडी होय असे मानून तिला ‘स्प्लिट डायग्राफ’ म्हणतात.

बव्हेरियातील डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबर्ग शहरी विद्यापीठ आहे, बीएमडब्ल्यूचा कारखाना १९८६ पासून चालू आहे, इन्फिनिऑनचे अर्धवाहकांचे काम चालते. शिक्षणाच्या वा नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांच्या वाट्यास हा नियम विलक्षण क्रमाने येतो. घरी मराठी, सहाव्या वर्षापासून शाळेत जर्मन लेखन-वाचन, आणि प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून आठवड्यास दोन तास इंग्रजी, असा तेथील शिरस्ता आहे. २०१४ पासून लागू झालेल्या बव्हेरियन प्राथमिक अभ्यासक्रमात इंग्रजीचे ऐकणे व बोलणे यांस अग्रस्थान असून लेखन हे केवळ साहाय्यक मानलेले आहे. सबब वर्णलेखनाचा नियम शिकवण्याची जबाबदारी बहुधा आईबाबांवर, नाहीतर सुट्टीत पुण्याहून आलेल्या आजीवर येऊन पडते.

अडचण पहिल्याच शब्दास उभी राहते. एन-ए-एम-ई ही चार अक्षरे जर्मन भाषेतही याच अर्थाने, याच क्रमाने लिहिली जातात, आणि तेथे शेवटचा ‘ई’ मुका नसतो. मराठी ‘केलं’, ‘गेलं’ यांच्या अखेरीस ऐकू येतो तसा अस्फुट अकार त्यातून निघतो. साहजिकच दुसरीतले मूल हा इंग्रजी शब्द बिनदिक्कत ‘नामं’ असा वाचते, आणि त्याला दटावणाऱ्या वडिलांना हे ठाऊक नसते की चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या हयातीत, इंग्रज माणूसही हा शब्द साधारण असाच उच्चारीत होता. पुढे अंत्य स्वर गळाला, आणि पंधराव्या शतकापासून दोनएकशे वर्षांत इंग्रजीतील दीर्घ स्वरांनी एकामागून एक आपली जागा सोडली (ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने यालाच महास्वरांतर म्हटले). आकार वर चढून एकारापाशी आला, ईकार फुटून ‘आइ’ झाला. लेखन मात्र जुन्याच ठिकाणी थांबले. पाठ्यपुस्तके या बदललेल्या स्वरांस ‘दीर्घ’ म्हणतात खरी, पण मराठी मुलाच्या दृष्टीने अकाराचे दीर्घ रूप आकार असते, एकार नव्हे. त्याला ‘दीर्घ ए’ म्हणून काही सांगू नये हेच बरे.

अंत्य ‘ई’चा तंटा रेगेन्सबर्गला नवा नाही. बव्हेरियन बोलीने मध्ययुगाच्या उत्तरार्धातच शब्दाच्या टोकाचा हा अस्फुट स्वर टाकून दिला, आणि आजही तेथील माणूस ‘आज’ या अर्थी ‘हॉइटं’ न म्हणता ‘हॉइट’, ‘थकलेला’ या अर्थी ‘म्यूडं’ न म्हणता ‘म्यूड’ म्हणतो. दक्षिणेकडील कॅथलिक मुलखात हा ‘ई’ लेखनातूनही गेला होता. ल्यूथरच्या बायबलबरोबर पूर्व-मध्य जर्मनीतून तो पुन्हा ग्रंथांत शिरू लागला, तेव्हा तो ‘ल्यूथरचा ई’ म्हणून ओळखला गेला आणि कॅथलिक लेखकांनी अठराव्या शतकापर्यंत त्याला दाद दिली नाही; एका मुक्या अक्षरावरून माणसाचा धर्मपंथ ओळखता यावा, असा तो काळ होता. रेगेन्सबर्गच्या नगरसभेने १५४२ साली ल्यूथरचा पंथ स्वीकारला, परंतु बिशप आणि सेंट एमेरामचा मठ कॅथलिकच राहिले. म्हणजे या वादाचे दोन्ही पक्ष एकाच तटबंदीच्या आत नांदत होते, आणि १६६३ ते १८०६ या काळात साऱ्या पवित्र रोमन साम्राज्याची कायम राजसभाही येथेच भरत होती. अखेर ‘ई’ जिंकला तो लेखनात. बोलीने त्याला आजतागायत उंबरठा ओलांडू दिलेला नाही. यास्तव ज्या मुलाचे सवंगडी अंगणात बव्हेरियन बोलतात, त्याला ‘लिहायचे पण म्हणायचे नाही’ ही गोष्ट वाटते तितकी अपरिचित नसते.

इंग्लंडात या गळलेल्या स्वराला नवे काम नेमून देणाऱ्यांत लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचे मुख्याध्यापक रिचर्ड मल्कास्टर हे अग्रगण्य होत. १५८२ च्या आपल्या ‘एलिमेंटरी’ या ग्रंथात त्यांनी अंत्य ‘ई’ हा मागील स्वराचे मूल्य दाखवणारा खुणेचा वर्ण म्हणून वापरावा असा पक्ष मांडला. अक्षरांची नावे न घोकता ध्वनींवरून वाचन शिकवावे हा विचार जर्मनीत त्याहून जुना असून व्हॅलेंटिन इकेलझामर यांनी १५२७ साली तो पुस्तकरूपाने पुढे आणला होता.

जादूच्या कथेपेक्षा या मुलांना उपयोगी पडते ती त्यांनी शाळेत कमावलेली जर्मन. दुसरीपर्यंत मुलाला हे पक्के ठाऊक झालेले असते की ‘ह्यूटं’, म्हणजे टोप्या, यात ‘टी’ एक आणि ‘ह्युट्टं’, म्हणजे झोपडी, यात दोन. ‘ओफन’ म्हणजे भट्टी यात ‘एफ’ एक, आणि ‘ऑफन’ म्हणजे उघडे यात दोन. एक व्यंजन असेल तर अलीकडचा स्वर लांब, दोन असतील तर आखूड. इंग्रजीतील ‘होपिंग’ व ‘हॉपिंग’, ‘टेपिंग’ व ‘टॅपिंग’, ‘डायनर’ व ‘डिनर’ या जोड्या ह्याच कायद्याखाली येतात, आणि अंत्य मूक ‘ई’ हा त्याच कायद्याचा दुसरा अर्धा भाग आहे. स्वरांचे ध्वनी तेवढे इंग्रजीने बदललेले. प्रत्यक्षात कागदाच्या पट्टीवर एच-ओ-पी-ई लिहून शेवटच्या अक्षरावर मुलालाच अंगठा ठेवायला सांगावे : ‘हॉप’, अंगठा काढताच ‘होप’. नंतर ‘आय-एन-जी’ची दुसरी पट्टी थेट त्या ‘ई’वर बसवून ‘होपिंग’ वाचवून घ्यावे, म्हणजे ‘ई’ गेला तरी त्याचे काम पुढच्या स्वराने उचलले हे दिसते. आणि मग ‘हॉपिंग’ लिहायचे तर काय करावे असे विचारावे. जर्मन शाळेतले मूल दुसरा ‘पी’ आपणहून घालते. पुण्याच्या मुलाला येथे नियम सांगावा लागतो, रेगेन्सबर्गच्या मुलाला आठवण करून दिली की पुरे.

शब्दांची निवड मात्र मराठी घरातूनच करावी. केक, गेम, प्लेट, लाइन, टाइम, ट्यूब हे शब्द आजीच्या बोलण्यातही सर्रास असतात आणि त्या सर्वांच्या इंग्रजी लेखनाच्या अखेरीस हा ‘ई’ आहे. कानाला परिचित असलेला उच्चार हाती असला म्हणजे मूल अक्षरांचे मूल्य त्यावरून स्वतःच पडताळते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाले असून तेथे हे शब्द दुकानांच्या पाट्यांवरही भेटतात. बव्हेरियात त्यांची जागा जर्मन पाट्यांनी घेतलेली असते.

अपवादांविषयी कबुली आधीच द्यावी. अमेरिकेतील थिओडोर क्लायमर यांनी १९६३ साली प्राथमिक पुस्तकांतील शब्द तपासले, तेव्हा हा नियम शेकडा ६३ ठिकाणीच लागू पडला. ‘हॅव’, ‘गिव’, ‘लव’ यांतील ‘ई’ केवळ इंग्रजी शब्दाने ‘व्ही’वर थांबू नये या रिवाजासाठी आहे; ‘डान्स’मधील ‘ई’ हा ‘सी’चा ‘क’ होऊ देत नाही, ‘केज’मधील ‘जी’चा ‘ग’ होऊ देत नाही, आणि ‘हाउस’मधील ‘ई’ हा शब्द अनेकवचनी नाही एवढेच सांगतो. ‘कम’ व ‘सम’ येथे कोणतीही सबब न देता शब्द तसाच पाठ करवावा. अपवादांची यादी नियमासोबत त्याच दिवशी देणे हे पाठ्यपुस्तकांचे जुने व्यसन असून त्याने मूल नियमही सोडते आणि अपवादही; पहिल्या वर्षी ‘हॅव’ व ‘गिव’ हे दोनच पुरेत, कारण त्यांच्यावाचून वाक्य होत नाही. बाकीचे गिम्नाझियम किंवा रेआलशूल या माध्यमिक शाळांच्या पाचवीत, जेथे इंग्रजी लेखनाचे रीतसर गुण मिळू लागतात, तेथवर निश्चिंतपणे लांबवता येतात.