अनाथ मुलांसाठी देणगी : बालगृहाला की घराला?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक जणांचा जीव गेला. पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसे दगावली. अशा आपत्तीनंतर देणग्यांचा ओघ सुरू होतो. तो कुठे वळतो, यावर अनाथ मूल कुठे वाढणार हेही ठरू शकते.

कायदा काय सांगतो?
बाल न्याय कायदा, २०१५ नुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय आहे. आजी-आजोबा, काका, मामा यांचा विचार आधी होतो. निर्णय बाल कल्याण समिती घेते.

सरकारी मदत किती?
राज्याच्या बाल संगोपन योजनेत २०२३पासून दर मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. पण त्यासाठी कागदपत्रे आणि चकरा लागतात, जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग.

देणगीदार काय करू शकतात?
फक्त बालगृहाच्या इमारतीला आणि खाटांना पैसा दिला, तर खाटा भरलेल्या ठेवण्याकडे कल राहतो. त्याऐवजी आजीच्या घरचे रेशन, शाळेचा खर्च, अलिबागचे एसटी भाडे आणि मूल घरी परतल्यावर भेटी देणाऱ्या समाजसेवकाचा पगार यांसाठी देणगी द्या. कंपन्यांच्या सीएसआर यादीत अनाथांसाठी वसतिगृहे आहेत, तसेच शिक्षणही आहे. त्यामुळे महाड एमआयडीसीतील कंपनीही घरी राहणाऱ्या मुलाच्या शिक्षणाला मदत करू शकते.

आपण काय करावे?
अशा मुलांचे फोटो, नावे फॉरवर्ड करू नका. ओळख उघड करणे गुन्हा आहे. १०९८ वर कळवा.