दफनभूमी आणि भूजल : भांडुपच्या संदर्भात

दरवर्षी २ नोव्हेंबर रोजी, सर्व मृत भाविकांच्या स्मृतिदिनी, आपण आप्तांच्या कबरींवर फुले वाहतो व मेणबत्त्या लावतो. त्याच मातीखाली पावसाळ्यात पाणी कोठवर चढते, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

दफनानंतर देहाचे विघटन होताना अमोनिया, नायट्रेट, क्षार व जंतू मिसळलेला द्रव मातीत पाझरतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार ७० किलो वजनाच्या देहात सुमारे १.८ किलो नायट्रोजन असतो. कोरड्या, हवा खेळत्या मातीत जंतू अडकून मरतात व बहुतेक द्रव्ये तेथेच जिरतात. खड्ड्याचा तळच पाण्यात बुडाला, तर प्राणवायूअभावी विघटन मंदावते आणि पाझर थेट भूजलात मिसळतो. पॅरिसमध्ये दफनभूमीजवळच्या विहिरींच्या पाण्याला उन्हाळ्यात गोडसर चव व दुर्गंधी येत असे, अशी जुनी नोंदही या अहवालात आहे.

म्हणूनच अहवालाने अंतरे सुचविली. पिण्याच्या पाण्याची विहीर वा कूपनलिका कबरीपासून किमान २५० मीटर आणि इतर झरा किंवा ओढा ३० मीटर दूर असावा. खड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वोच्च पातळीहून किमान १ मीटर वर असावा. ब्राझीलने २००३ साली हे अंतर दीड मीटर ठरविले व पातळी पावसाळा संपताना मोजावी, असा नियम केला. आपल्याकडील पाऊस पाहता ही शेवटची अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. मे महिन्यात कोरडा दिसणारा खड्डा जुलैत पाण्याने भरू शकतो.

भांडुपच्या पश्चिमेस डोंगरउतार आहे. तेथील काळ्या खडकाच्या भेगांतून पाणी वेगाने वाहते व गाळले जात नाही. पूर्वेस खाडी व मिठागरांची सखल जमीन असून तेथे पाणी वरच लागते. नळाच्या पाण्याबाबत मात्र भीतीचे कारण नाही. वैतरणा, भातसा आदी दूरच्या जलाशयांचे पाणी येथील भांडुप संकुलात शुद्ध होऊन शहराला मिळते. प्रश्न जुन्या विहिरींचा व कूपनलिकांचा आहे. वसईच्या किनारपट्टीवर, जिथे घरोघरी विहिरी व वाडीत बावखले आहेत, तो अधिक जिव्हाळ्याचा ठरतो.

या विषयात भीती विज्ञानाच्या पुढे धावते, हेही आपण अनुभवले आहे. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाने मृत झालेल्यांचे धर्म न पाहता दहन करावे, असे परिपत्रक काढले व त्याच दिवशी ते बदलले. वांद्रे येथील दफनांना विरोध करणाऱ्या याचिका २२ मे २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या. अशा दफनाने संसर्ग पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पाण्याच्या काळजीचे निमित्त करून कोणाला दफन नाकारणे तितकेच अनुचित होईल, असे आम्हाला वाटते.

धर्मग्रामांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. रंग-रोगण व धातूच्या कड्या असलेल्या शवपेटीऐवजी साधे लाकूड किंवा नुसते सुती कापड मातीला सोपे जाते. देह टिकविण्यासाठी वापरले जाणारे फॉर्मॅलिन परदेशातून नातलग येईपर्यंत कधी अपरिहार्य असते. एरवी ते टाळावे. फुलांवरील प्लॅस्टिकही बाहेरच ठेवावे. दहनास पवित्र ख्रिस्तसभेने १९६३ साली मुभा दिली. तथापि २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा पाण्यात वा जमिनीवर न विखुरता पवित्र स्थळीच जतन करावयाची असते.

दफनभूमीच्या आसपास विहीर वा कूपनलिका असल्यास तिचे पाणी सप्टेंबरअखेरीस प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. नायट्रेट सांडपाण्यातूनही येते, तेव्हा केवळ आकडा वाढलेला दिसला म्हणून दोष कबरींवर ठेवू नये; आधी जवळची गटारे व शौचकूप पाहावेत.