राजाच्या हातून निसटलेली किल्ली

लंडन, २ मार्च १६२९. राजा पहिला चार्ल्स याच्या आज्ञेनुसार सभा तहकूब करण्यासाठी कॉमन्सचे सभापती जॉन फिंच उठू लागले, तोच दोन सदस्यांनी त्यांना खुर्चीत दाबून धरले. संसदेच्या मंजुरीविना होणाऱ्या करवसुलीविरुद्धचे ठराव संमत झाल्यावरच त्यांची सुटका झाली. १० मार्चला राजाने संसद विसर्जित केली. पुढे अकरा वर्षे ती भरलीच नाही.

स्कॉटलंडशी युद्ध ओढवले, तिजोरी आटली आणि १६४० मध्ये राजाला पुन्हा संसदेपुढे यावे लागले. सदस्यांनी ही अडचण नेमकी हेरली. फेब्रुवारी १६४१ चा त्रैवार्षिक कायदा पाहावा : तीन वर्षांत अधिवेशन झालेच पाहिजे. राजाने बोलावले नाही तर लॉर्ड चॅन्सेलरने, त्याने टाळले तर उमरावांनी, मग शेरीफांनी, अखेरीस मतदारांनीच निवडणूक उरकावी. राजाच्या शब्दावरचा अविश्वास या पायऱ्यांतच मोजता येतो!

१० मे रोजी याहून जहाल कायदा आला : चालू संसद तिच्या स्वतःच्या संमतीवाचून विसर्जित वा स्थगित होणार नाही. निमित्त कर्जाचे होते. उद्या मोडू शकणाऱ्या संसदेच्या हमीवर पैसा कोण देणार? त्याच दिवशी राजाने आपला विश्वासू मंत्री स्ट्रॅफर्ड याच्या मृत्युदंडालाही संमती दिली.

१६५३ मध्ये क्रॉमवेलने सैनिक आणून उरलेल्या सदस्यांना हाकलले. कायद्याच्या दृष्टीने मात्र संसद जिवंतच होती. १६ मार्च १६६० रोजी परतलेल्या सदस्यांनी स्वतःच तिचे विसर्जन केले.