खिशातला चाकू आणि नऊ इंचांची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जण दचकतील. आज मी चाकूची बाजू घेणार आहे. म्हणजे तो घडीचा, बोटभर पात्याचा, किल्ल्यांच्या जुडग्यात किंवा ट्रेकच्या सॅकमध्ये राहणारा साधा चाकू. वायर सोलायला, दोरी कापायला, पेरू चिरायला लागतो ना, तोच. माझं म्हणणं असं की, असा चाकू बाळगणं हा सरळ माणसाचा हक्क आहे आणि तो शाबूत राहिला पाहिजे. आणि हे म्हणायला मला अमेरिकेतून कुठली कल्पना आयात करायची गरज नाही. आपल्याच इतिहासात त्याचा पुरावा पडलेला आहे.

सुरुवात करूया १८७८ पासून. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. याच वर्षी या गृहस्थाने दोन कायदे आणले. एक देशी भाषांमधल्या वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा आणि दुसरा शस्त्रांचा, म्हणजे इंडियन आर्म्स ॲक्ट. एकाने लेखणी धरली, दुसऱ्याने हात धरले. १८५७ ची धास्ती अजून गेली नव्हती. या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' म्हणजे काय? बंदुका आल्याच, पण संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची नुसती टोकं आणि धनुष्यबाणसुद्धा! शिवाय व्याख्या 'यांचा समावेश होतो' अशी सैल लिहिलेली. म्हणजे यादीत नाव नसलेली वस्तूही शस्त्र ठरवायला वाव.

आणि खरी मेख पुढे आहे. या कायद्यातून युरोपियन लोकांना सूट होती. म्हणजे तीच वस्तू, तोच रस्ता, तेच गाव. पण गोऱ्याच्या कमरेला असेल तर ऐट आणि काळ्याच्या कमरेला असेल तर गुन्हा. कायदा वस्तूकडे बघतच नव्हता, तो माणसाकडे बघत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण शेवटी याच्याकडेच येणार आहोत.

लोकांना हे झोंबलं. १८८७ च्या मद्रास काँग्रेसपासून या कायद्याविरुद्ध ठराव सुरू झाले. अहिंसेचे पुजारी गांधीजी, त्यांनीही अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजांच्या अत्यंत काळ्या कृत्यांपैकी एक मानला. १९३० साली त्यांनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्या, अशीही एक मागणी होती. आणि १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क चक्क लिहिलेला आहे.

मग स्वातंत्र्य आलं, संविधान सभा बसली. डिसेंबर १९४८. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे सदस्य हरि विष्णू कामत उभे राहिले आणि त्यांनी सुचवलं की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा नीट ऐकण्यासारखा आहे. ते म्हणाले, इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केलं ते शांततेसाठी नाही, तर गुलाम प्रजेने उठाव करू नये म्हणून. म्हणून काँग्रेस तो हक्क मागत होती. आता राज्य आपलंच आहे, ते कारण संपलं. आणि प्रत्येकाला बाजारात जाऊन हल्ल्याची वाटेल ती साधनं विनाअडथळा विकत घेता आली, तर राज्य चालवायचं कसं?

कामतांची सूचना फेटाळली गेली. मला विचाराल तर बाबासाहेबांचं बरोबरच होतं. बंदूक विकत घेणं हे भाजी आणण्याइतकं सोपं असू नये. पण चर्चा हल्ल्याच्या साधनांची होती. खिशातला चाकू त्यात बसतो का? याचं उत्तर पुढच्या अकरा वर्षांत मिळालं.

१९५९ साली आपण स्वतःचा शस्त्र कायदा केला. त्या विधेयकासोबत उद्देशांचं निवेदन जोडलेलं आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की, १८७८ चा कायदा सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी रचलेला होता आणि स्वातंत्र्यानंतरही तो तसाच चालू राहिला. त्याचा जाच कायदा पाळणाऱ्यांना होत होता. दरोडेखोरांकडे मात्र स्टेनगनपासून हातबॉम्बपर्यंत सगळं होतं. आणि मग नव्या कायद्याचे हेतू सांगताना पहिलाच हेतू काय लिहिलाय? चाकू, भाले, धनुष्यबाण आणि तत्सम वस्तू 'शस्त्र' या व्याख्येतून वगळणं. पहिला हेतू बरं का!

आता प्रत्यक्ष कायद्यात ते इतकं सरळ उतरलं नाही. व्याख्येत 'धारदार शस्त्रं' राहिली. पण दोन मोठ्या गोष्टी झाल्या. एक, केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रातून बाहेर काढल्या. लाठी आणि चालायची काठी यांची तर उदाहरणंच दिली. दुसरी, परवान्याची सक्ती सगळीकडे फक्त बंदुकांसारख्या अग्निशस्त्रांना लावली. बाकीच्या शस्त्रांसाठी कलम ४ आहे. एखाद्या भागात तशी गरज आहे असं वाटलं, तर केंद्र सरकारने अधिसूचना काढायची. मग त्या भागात परवाना लागेल. नाहीतर नाही. म्हणजे मूळ स्थिती मोकळीक, आणि बंदी हा अपवाद. इंग्रजांच्या कायद्याचं हे बरोब्बर उलटं झालं.

पुढे १९६२ च्या नियमांमध्ये मोजमाप आलं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू आणि तसली शस्त्रं धारदार शस्त्रांच्या यादीत. त्यातही घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती वगळली. नऊ इंच म्हणजे केवढं? शाळेतली फूटपट्टी घ्या आणि तीन इंच कमी करा. घडीच्या चाकूचं पातं याच्या निम्म्यालाही क्वचित पोचतं. ही नऊ इंचांची रेघ मला फार आवडते. नव्या देशाने आपल्या नागरिकांवर टाकलेला तो विश्वास आहे. तुझ्या खिशात काय आहे, हे मला रोज तपासायचं नाही, असं राज्य म्हणतंय.

मग हा विश्वास कुठे आटला?

१९८० साली दिल्लीसाठी एक अधिसूचना निघाली. बटन दाबून, स्प्रिंगने किंवा इतर यांत्रिक करामतीने उघडणारा चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर म्हणजे तीन इंच किंवा जास्त, रुंदी १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त. नऊ इंचांवरून थेट तीन इंच! आपल्याकडे याला खटक्याचा चाकू म्हणतात. त्याची प्रतिमा घडवली सिनेमाने. 'वक्त' मधला राजकुमार आठवा. पुढच्या वीसेक वर्षांत प्रत्येक खलनायकाच्या हातात रामपुरी आला. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची कला देशभर ओळखली गेली ती गुंडांचं हत्यार म्हणून. 'खट्' असा आवाज आला की भीती वाटते, हे खरंय. पण आवाजाने कुणी मरत नाही. स्वयंपाकघरातली सुरी कुठलाही आवाज न करता लांबही असते आणि धारदारही.

चाकू कसा उघडतो, यावरून गुन्हा ठरवला की काय होतं, याचा धडा न्यूयॉर्कने दिलाय, म्हणून एक चक्कर तिकडे मारूया. तिथे १९५० च्या दशकात 'ग्रॅव्हिटी नाइफ'वर बंदी आली. गुरुत्वाकर्षणाने किंवा हाताच्या झटक्याने पातं बाहेर येऊन अडकलं, की तो चाकू बेकायदा. डोळ्यांसमोर होते दुसऱ्या महायुद्धातले जर्मन छत्रीधारी सैनिकांचे चाकू. पण पुढे साधे घडीचे चाकू बनले, ज्यांचं पातं उघडल्यावर अडकतं. जोरात मनगट झटकलं तर त्यांतले बरेच उघडतात. मग पोलीस चाकू हातात घेऊन झटकायचे. उघडला? चला चौकीत. हे चाकू हार्डवेअरच्या दुकानांत राजरोस विकले जात होते. पकडले जाणारे कोण? कामावर जाणारे मजूर, स्वयंपाकी, दुरुस्ती करणारे कारागीर. एका वृत्तपत्राच्या तपासात दहा वर्षांत असे ६०,००० पर्यंत खटले झाले असावेत, असा अंदाज निघाला. आणि त्यांत मोठी बहुसंख्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांची. विधिमंडळाने सुधारणा मंजूर केली, गव्हर्नरनी ती दोनदा अडवली. शेवटी मार्च २०१९ मध्ये एका फेडरल न्यायाधीशाने हा कायदा असंविधानिक ठरण्याइतका संदिग्ध आहे असं म्हटलं, आणि मे महिन्यात तो रद्द झाला.

बघा, १८७८ चीच गोष्ट पुन्हा घडली. कागदावर नियम सगळ्यांना सारखा, पण झडती कुणाची घ्यायची, हे ठरवणार तपासणारा.

आता घरी येऊ. पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी तुम्ही वाचली असेल: 'जिल्ह्यात जमावबंदी व शस्त्रबंदी आदेश लागू.' हे आदेश निघतात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली. त्यात तलवारी, भाले, बंदुका यांच्याबरोबर चाकू, काठ्या, लाठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू येते. कुठलीही! सणासुदीला, आंदोलनाच्या वेळी असा आदेश लागतो हे समजू शकतं. पण अनेक जिल्ह्यांत एकाची मुदत संपली की दुसरा निघतो. मग अपवाद कोणता आणि नियम कोणता? काही आदेशांत तर काठीशिवाय चालता येत नाही अशा अपंग व्यक्तींना सूट आहे, असं मुद्दाम लिहावं लागतं. ज्या काठीला १९५९ च्या कायद्याने शस्त्रातून नाव घेऊन बाहेर काढलं, तिला परत सूट द्यायची वेळ येते!

याचा भार कुणावर पडतो? कारमधून ट्रेकला जाणाऱ्या माझ्यासारख्याची सॅक सहसा कुणी उघडत नाही. पण पारधी समाजातल्या तरुणाचा विचार करा. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ साली कागदावर पुसला गेला. संशय पुसला गेला का? त्याच्या पिशवीतला चाकू आणि माझ्या सॅकमधला चाकू एकाच कंपनीचा असला, तरी त्यांची किंमत वेगळी आहे. म्हणून हा मुद्दा शौकिनांचा नाही. जितका नियम मोघम, तितका गरीब माणूस पोलिसाच्या मर्जीवर.

तुम्ही म्हणाल, अरे, कोयता गँगचं काय? पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास या दोन शब्दांनी बातम्या भरून गेल्या होत्या. रस्त्यात कोयते नाचवणारी पोरं, फोडलेल्या गाड्या. भीती खरी होती आणि आहे. त्या पोरांची बाजू मी घेत नाही. पण कोयता या शब्दाचा दुसरा अर्थही ऐका. बीडकडच्या ऊसतोड कामगारांत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आपल्या भाषेत हे हत्यार म्हणजेच माणूस, त्याचं पोट, त्याचा संसार. पाहिलंत? वस्तू एकच. एकाच्या हातात दहशत, दुसऱ्याच्या हातात भाकरी. फरक पात्यात नाही, हेतूत आहे.

आणि हेतूला, कृतीला शिक्षा करायला कायदे आहेत की. चाकूने इजा केली, धमकावलं, दरोड्याची तयारी केली, तर प्रत्येकासाठी वेगळं कलम आहे. तिथे मुळीच दयामाया नको. विमानाच्या केबिनमध्ये चाकू नको, तेही मान्य. तिथे कारण स्पष्ट आहे, जागा ठरलेली आहे आणि नियम सगळ्यांना ठाऊक आहे. मी एवढंच मागतोय की रस्त्यावरही नियम असाच स्पष्ट हवा. या बाबतीत बरेच कडक असलेल्या ब्रिटनचंच घ्या. त्यांच्या १९८८ च्या कायद्यात, पात्याची धार तीन इंचांपर्यंत असलेला घडीचा चाकू सार्वजनिक जागी बाळगायला मोकळीक आहे. पातं उघडल्यावर अडकणारं नसावं, एवढीच अट. आणि अर्थात, कुणाला मारायच्या इराद्याने नेला तर तोही गुन्हाच. माप ठरलेलं आहे, त्यामुळे नागरिकालाही कळतं आणि पोलिसालाही.

आपल्याकडेही हे करता येईल. कलम ३७ च्या आदेशांत घडीच्या लहान चाकूला आणि कामाच्या अवजारांना नाव घेऊन सूट द्या. आदेश खरोखरच प्रसंगापुरते ठेवा. आणि झडतीत असा चाकू सापडला, तर केवळ तो सापडला म्हणून नाही, तर त्यामागचा वाईट हेतू दाखवता आला तरच गुन्हा नोंदवा. यात नवीन काहीच नाही. १९५९ च्या विधेयकात जो पहिला हेतू लिहिला होता, तोच पाळायचा आहे.

एक सूचना: हा कायदेशीर सल्ला नाही. तुमच्या जिल्ह्यात सध्या आदेश लागू आहे का, हे बघूनच चाकू खिशात टाका. आवडता हक्क मागायचा तर आधी नियम माहीत हवा.

तुमच्याकडे कामासाठी चाकू, विळा, कोयता असं काय काय बाळगतात आणि त्यावरून कधी अडवलं गेलं का, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!