इंग्लंडमधील पॅरिश कौन्सिल : एका ग्रामसंस्थेचा नित्याचा कारभार

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील सर्वांत खालच्या पायरीवरची लोकनियुक्त संस्था म्हणजे पॅरिश कौन्सिल. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या आणि तेथील पाद्र्याच्या अखत्यारीत येणारे गाव व त्याचे शिवार. पुढे याच सीमा मुलकी कारभारालाही लागू झाल्या, आणि १८९४ च्या कायद्याने त्या सीमांच्या आत गावकऱ्यांनी निवडलेले मंडळ अस्तित्वात आले. या मंडळाला अधिकार थोडे मिळाले आणि पैसा त्याहूनही थोडा मिळाला, त्यामुळे इंग्लंडच्या राजकीय इतिहासात त्याचा उल्लेख ओझरताच येतो. तरीही जे पूर्वी जमीनदाराच्या किंवा पाद्र्याच्या मर्जीने मिळत असे ते भाडेपावतीने, जाहीर सूचनेने आणि इतिवृत्तातील नोंदीने मिळू लागले, हा इंग्रजी खेड्यातील मोठा बदल या मंडळाच्या रोजच्या बारीकसारीक कामातूनच घडला, आणि म्हणून ते काम बारकाईने पाहण्याजोगे आहे.

त्याआधीची तीन शतके गावाचा कारभार व्हेस्ट्री नावाच्या सभेकडे होता. चर्चमध्ये पाद्र्याची वस्त्रे ठेवण्याच्या खोलीत भरणारी, कर भरणाऱ्या रहिवाशांची ही सभा, आणि पाद्री हजर असला की अध्यक्षपद त्याच्याकडेच जाई. १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती गावावर आली आणि प्रत्येक घराने वर्षातून चार दिवस, पुढे सहा दिवस, फुकट राबावे असे ठरले. १६०१ च्या कायद्याने निराधारांच्या पोषणासाठी ओव्हरसियर नावाचे कारभारी नेमून गावाकडून कर वसूल करण्याची व्यवस्था पक्की झाली. कर भरणारा प्रत्येक जण सभेला येऊ शकत असला तरी मताचे वजन सारखे नव्हते. १८१८ च्या स्टर्जेस बोर्न कायद्यानुसार ज्याची मालमत्ता मोठी त्याला अधिक मते मिळत, आणि ती सहापर्यंत जाऊ शकत. एकोणिसाव्या शतकात व्हेस्ट्रीची कामे एकेक करून निघून गेली : १८३४ मध्ये गरिबांची व्यवस्था अनेक गावांच्या संयुक्त मंडळांकडे गेली, १८५६ नंतर परगण्याचे पोलीस सर्वत्र आले, आणि १८६८ मध्ये चर्चसाठीचा सक्तीचा कर रद्द झाला. सभा उरली, पण तिच्यापुढे ठेवण्यासारखे फारसे काही उरले नाही, आणि गावाचे खरे निर्णय जमीनदाराच्या वाड्यात किंवा पाद्र्याच्या निवासस्थानी होत राहिले.

हे चित्र पालटण्याची मागणी शेतमजुरांच्या चळवळीतून बळावली. वॉरिकशायरमधील बारफर्ड गावच्या जोसेफ आर्च याने १८७२ मध्ये शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी केली. १८८४ मध्ये ग्रामीण मजुरांपैकी बहुसंख्य पुरुषांना संसदेसाठी मताधिकार मिळाला. १८८८ च्या कायद्याने लोकनियुक्त काउंटी कौन्सिला, म्हणजे परगण्यांची मंडळे, स्थापन झाल्या. आता गाव तेवढे राहिले होते. लिबरल पक्षाच्या सरकारातील मंत्री हेन्री फाउलर यांनी मांडलेले विधेयक ५ मार्च १८९४ रोजी कायदा झाले आणि त्यातून गावासाठी पॅरिश कौन्सिल व तिच्या वर डिस्ट्रिक्ट कौन्सिल अशी रचना आली. मुंबई इलाख्यात लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर तालुका लोकल बोर्डांचा कायदा १८८४ मध्ये झाला होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. इंग्रज राज्यकर्ते हिंदुस्थानात स्थानिक स्वराज्याचे प्रयोग करीत होते तेव्हा त्यांच्या स्वतःच्या खेड्यांना निवडून दिलेले मंडळ मिळालेले नव्हते, आणि मिळाले तेही बऱ्याच विरोधानंतर.

या कायद्यानुसार तीनशे किंवा त्याहून अधिक वस्तीच्या ग्रामीण पॅरिशला कौन्सिल बंधनकारक झाली आणि तिच्या सदस्यांची संख्या पाच ते पंधरा ठरली. शंभर ते तीनशे वस्तीच्या गावाने ठराव केल्यास तेथेही ती स्थापन होऊ शके, आणि त्याहून लहान गावांना बहुधा पॅरिश मीटिंगवर, म्हणजे सर्व मतदारांच्या सभेवर, भागवावे लागे. ही सभा आपल्याकडील ग्रामसभेच्या जवळ जाते. विवाहित असोत वा अविवाहित, स्त्रियांना मतदानाचा आणि निवडून येण्याचाही अधिकार मिळाला. संसदेसाठी त्यांना आणखी चोवीस वर्षे थांबावे लागले. सभा संध्याकाळी सहाच्या आत सुरू करता येणार नाही, अशी तरतूद होती. ती वरकरणी किरकोळ वाटली तरी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाला सभेला येता यावे, हा तिच्यामागचा हेतू होता, आणि कायदा करणाऱ्यांनी गावाचा दिनक्रम नीट ओळखल्याचे तीवरून दिसते. दुसरी सोयीची जागा असताना दारूच्या गुत्त्यात सभा भरवण्यास मनाई होती आणि शाळेची खोली विनामूल्य वापरण्याची मुभा होती. गुप्त मतदान मात्र लगेच आले नाही. डिसेंबर १८९४ च्या पहिल्या निवडणुकीत गावकऱ्यांनी सभेत हात वर करून मते दिली आणि ही पद्धत दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली. लेखी मतदानाची मागणी करता येत असे, पण तेवढे धाडस प्रत्येक गावात नव्हते. मालकाच्या समोर बसून त्याच्या विरोधातील उमेदवारासाठी हात वर करणे म्हणजे काम आणि राहते घर दोन्ही पणाला लावणे, कारण मजुराचे घर बहुधा मालकाच्याच मालकीचे असे. त्यामुळे अनेक ठिकाणी जमीनदार किंवा पाद्रीच पहिले अध्यक्ष झाले यात नवल नाही. नवे एवढेच, की त्यांना ती जागा आता गावाकडून घ्यावी लागली.

कारभाराचा कणा म्हणजे क्लार्क. १८९४ च्या कायद्याने सदस्यांपैकीच एखाद्याला बिनपगारी क्लार्क नेमण्याची मुभा दिली होती आणि अनेक गावांत शाळामास्तर हे काम पाहत. आजही क्लार्क हाच बहुतेक लहान कौन्सिलांचा एकमेव नोकर असतो, तोही आठवड्याचे काही तास काम करणारा. आपल्याकडील ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर असतो. पॅरिशचा क्लार्क मात्र खुद्द कौन्सिलने नेमलेला आणि तिलाच उत्तरदायी असतो, आणि वरून आलेल्या योजना राबवण्यापेक्षा कौन्सिलचे ठराव कायद्याच्या चौकटीत बसवणे हे त्याचे मुख्य काम असते. सभेपूर्वी तीन पूर्ण दिवस विषयपत्रिकेसह सूचना फलकावर लावणे, विषयपत्रिकेत नसलेल्या विषयावर निर्णय होऊ न देणे, इतिवृत्त लिहून पुढील सभेत त्यावर अध्यक्षांची सही घेणे, प्रत्येक खर्चाला कायद्याचा आधार दाखवणे, ही त्याची चाकोरी. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण पॅरिश कौन्सिल ही कायद्याने निर्माण केलेली संस्था असल्यामुळे संसदेने जे करण्याची स्पष्ट परवानगी दिली आहे तेवढेच ती करू शकते, हा नियम दीर्घकाळ कठोरपणे पाळला गेला; बाकाच्या डागडुजीसाठीही कोणत्या कायद्याचे कोणते कलम लागू होते हे सांगता यावे लागे. एकट्या सदस्याला, अगदी अध्यक्षालाही, स्वतःच्या अखत्यारीत काही ठरवता येत नाही. निर्णय सभेचाच असतो.

पैसा येई तो रेट नावाच्या घरपट्टीसारख्या करातून. कौन्सिल स्वतः कर गोळा करीत नाही. लागणाऱ्या रकमेचे मागणीपत्र, ज्याला प्रीसेप्ट म्हणतात, ती वसुली करणाऱ्याकडे पाठवते आणि ती रक्कम गावकऱ्यांच्या बिलात मिळवली जाते. १८९४ मध्ये या मागणीला पौंडामागे तीन पेन्सांची, म्हणजे मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या ऐंशीव्या भागाची, मर्यादा होती आणि पॅरिश मीटिंगच्या संमतीने ती सहा पेन्सांपर्यंत नेता येई. एवढ्या पैशात विहिरीचा पंप, तेलाचे दिवे, डबक्याची सफाई आणि दफनभूमीची भिंत सांभाळणे हेच पुष्कळ होते. मोठे रस्ते, सांडपाणी, घरबांधणी ही कामे डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे असल्याने पॅरिशच्या हाती तक्रार करणे उरले. पण ती तक्रार ठरावाच्या रूपात जाऊ लागल्याने दुर्लक्ष करणाऱ्याला लेखी उत्तर देणे भाग पडू लागले. केंट परगण्यातील पेन्सहर्स्ट गावी जेन एस्कोंब या सदस्येने मजुरांच्या घरांच्या टंचाईचा प्रश्न कौन्सिलमधून वर्षानुवर्षे लावून धरला आणि १९०० च्या सुमारास तेथे सार्वजनिक पैशातून मजुरांसाठी घरे उभी राहिली. बांधण्याचा अधिकार नसलेल्या संस्थेने बांधणाऱ्या संस्थेला कसे हलवावे याचा हा फार चांगला नमुना आहे.

तथापि गावकऱ्यांना खरी आस होती ती जमिनीची. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत सामायिक गायराने आणि शेते संसदेच्या कायद्यांनी खासगी मालकीत घेऊन कुंपणे घातली गेली, तेव्हा मजुराची एखादी गाय, सरपण आणि चार गुरांच्या चराईचा आधार गेला. त्याच्या बदल्यात काही जमीनदार व पाद्री मजुरांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे लहान तुकडे भाड्याने देत. त्यांना अलॉटमेंट म्हणतात. परंपरेने दहा रॉडचा, म्हणजे एकराचा सोळावा भाग, आपल्या मापाने अडीच गुंठ्यांचा हा तुकडा एका कुटुंबाचे बटाटे, कांदे आणि कोबी पुरवू शके. मात्र देणाऱ्याच्या अटी त्याच्यासोबत येत : रविवारी काम करू नये, चर्चला नियमाने यावे, वर्तन नीट ठेवावे. १८८७ च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांना अशी जमीन मिळवण्याचा मार्ग उघडला, १८९४ मध्ये पॅरिश कौन्सिलला काउंटीच्या आदेशाने जमीन सक्तीने भाड्याने घेण्याची वाट मिळाली, आणि १९०८ च्या लहान जमीनधारणा व अलॉटमेंट कायद्याने मागणी असल्यास पुरेशी अलॉटमेंट पुरवणे हे कर्तव्यच ठरले. सुरुवातीच्या वर्षांतील इतिवृत्तांमध्ये भाडे, नापिकी, शेजाऱ्याच्या तुकड्यावरचे अतिक्रमण, डुकरांच्या खोपट्यांना परवानगी अशा विषयांची रेलचेल दिसते. वाचायला ती कंटाळवाणी असली तरी जो मजूर पूर्वी टोपी काढून विनंती करीत असे, तो आता अर्ज करतो, उत्तर मिळवतो आणि भाड्याची पावती जपून ठेवतो, हे त्यांतून उलगडत जाते.

कागदपत्रांबाबतही असाच बदल झाला. गावाचे दप्तर, म्हणजे हिशेबवह्या, कुंपण घालताना केलेले नकाशे, दानपत्रे, चर्चमधील भक्कम लाकडी पेटीत असे आणि तिच्या किल्ल्या पाद्री व चर्चच्या कारभाऱ्यांकडे असत. १८९४ च्या कायद्याने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी व चर्चची कागदपत्रे पाद्र्याकडेच ठेवली आणि उरलेल्या मुलकी कागदपत्रांच्या ताब्याची व्यवस्था कौन्सिलकडे सोपवली. गरिबांना भाकरी, कोळसा किंवा घोंगड्या वाटण्यासाठी पूर्वजांनी ठेवलेल्या धर्मादाय निधींपैकी जे चर्चच्या कामाचे नव्हते त्यांवर विश्वस्त नेमण्यातही कौन्सिलला वाटा मिळाला. कोणाला मिळाले आणि कोणाला नाकारले याचा हिशेब मागता येऊ लागला, आणि अनेक गावांतील पहिल्या वादांचे मूळ येथेच होते.

दुसरे समृद्ध प्रकरण पायवाटांचे. शेताशेतांतून जाणाऱ्या वाटांवर सर्वांना चालण्याचा हक्क असला तरी जमीनमालक त्या नांगरून टाकत, फाटकांना कुलपे घालत किंवा दंडाधिकाऱ्यांकडून बंद करून घेत. १८९४ नंतर गावाच्या संमतीशिवाय वाट बंद करणे किंवा वळवणे अशक्य झाले आणि पायवाटांची डागडुजी करण्याचा अधिकारही कौन्सिलला मिळाला. १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रवेश कायद्याने प्रत्येक परगण्याला सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करावा लागला, तेव्हा पाहणीचे पहिले काम बहुतेक ठिकाणी पॅरिश कौन्सिलांनीच केले. सदस्यांनी आणि जाणत्या गावकऱ्यांनी वाट चालून पाहिली, फाटके व ओढ्यांवरचे साकव नोंदवले, वाट किती वर्षांपासून वापरात आहे हे लिहिले. जेथे कौन्सिलचा अध्यक्षच मोठा शेतकरी होता तेथे काही वाटा नोंदीतून गळाल्याही. संस्था गावाइतकीच निःपक्षपाती असते, हे सत्य टाळता येत नाही.

पुढच्या काळाचा आढावा थोडक्यात घेता येतो. १९२१ पासून चर्चच्या कामासाठी वेगळी चर्च कौन्सिल आली आणि दोन कारभारांची फारकत पूर्ण झाली. १९५७ च्या कायद्याने बाके, सार्वजनिक घड्याळे आणि पदपथांवरील दिवे यांसाठी सुटसुटीत अधिकार दिले. मार्गारेट थॅचर यांनी संसदेच्या खासगी सदस्य म्हणून मांडलेल्या विधेयकातून १९६० चा सभाप्रवेश कायदा झाला, आणि नागरिकांना व वार्ताहरांना स्थानिक संस्थांच्या सभांना बसण्याचा हक्क बळकट झाला. १ एप्रिल १९७४ पासून ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिला विसर्जित झाल्या, त्यांच्या जागी मोठी डिस्ट्रिक्टे आली, आणि गावाजवळची संस्था म्हणून पॅरिश तेवढी उरली. आज इंग्लंडमध्ये अशा सुमारे १०,००० कौन्सिला आहेत. इमारतींच्या परवान्यांवर मत देणे हा त्यांच्या बैठकांतील बराच वेळ खाणारा विषय असतो, पण ते मत सल्ल्यापुरतेच, अंतिम निर्णय वरच्या संस्थेचा. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने शेजारपरिसर आराखडा करून तो सार्वमताने मंजूर करून घेण्याची सोय झाल्यावर त्या मताला थोडे अधिक वजन आले. त्याशिवाय गवत कापणे, खेळाच्या मैदानातील झोपाळ्यांची तपासणी, बसथांबे, युद्धस्मारकाची निगा, नव्या दफनांसाठी बंद झालेल्या चर्च-दफनभूमीची देखभाल ही कामे चालू असतात. वापरातून गेलेले लाल टेलिफोन खोके एका पौंडाला ताब्यात घेऊन त्यात हृदय सुरू करणारे यंत्र किंवा वाचनाची पुस्तके ठेवणेही अलीकडच्या काळात त्यात आले. सर्वांत मोठी उणीव म्हणजे उमेदवारांची. अनेक गावांत जागांइतकेही अर्ज येत नाहीत, निवडणूक होतच नाही, आणि रिकाम्या जागा उरलेल्या सदस्यांनी नेमणुकीने भराव्या लागतात. ज्या हक्कासाठी मजुरांनी मालकासमोर हात वर केले तो असा विनावापर पडून राहणे खेदाचे आहे.

तरीही जुन्या कामाचा उपयोग संपलेला नाही. एखादी पायवाट सार्वजनिक आहे की खासगी, मैदान गावाच्या मालकीचे आहे की दानपत्राच्या अटींनी बांधलेले, असे वाद निर्माण झाले की परगण्याच्या अभिलेखागारातून १८९४ पासूनची इतिवृत्ते आणि १९५० च्या दशकातील पाहणीच्या नोंदी काढल्या जातात, आणि वाट कोणी दुरुस्त केली, फाटकाचा खर्च कोणी दिला, मालकाने तेव्हा हरकत घेतली होती की नाही, हे त्यावरून निकालात निघते. कोणी शाळामास्तराने संध्याकाळच्या सभेत लिहून ठेवलेली, साकवाच्या फळीसाठी केलेल्या चार शिलिंगांच्या खर्चासारखी एखादी नोंदही आज पुराव्यात दाखल होते.