डोळ्यातले फूल
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘डोळ्यात फूल पडले’ म्हणजे काय, हे जुन्या पिढीतल्या श्रोत्यांना सांगायला नको. बुबुळावर पांढरा डाग बसतो आणि तेवढी नजर जाते. नाव फुलाचे असले तरी तो जखमेचा व्रण असतो. पूर्वी देवीच्या साथीत असे डोळे जात. १९७५ मध्ये देवीचा रोग भारतातून गेला, पण फूल पाडणारे दुसरे कारण मागे राहिले. ते कारण म्हणजे अ जीवनसत्त्वाची उणीव.

माढ्यासारख्या भागात ही उणीव कशी येते पाहा. १९८० मध्ये उजनी धरण पुरे होण्याआधी इथली भिस्त रब्बीच्या ज्वारीवर होती. ज्वारीच्या भाकरीने पोट भरते, पण तीत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. ते येते हिरव्या पालेभाजीतून, शेवग्याच्या पाल्यातून, दूध-तुपातून. दुष्काळात आधी तुटतात त्या नेमक्या याच गोष्टी. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीने माणसे जगवली. पण रान उजाड आणि गाई-म्हशी आटलेल्या अशा वर्षात सर्वांत मोठा धोका असतो तो नुकत्याच अंगावरून सुटलेल्या मुलाला.

शरीर हे जीवनसत्त्व यकृतात साठवते. साठा सरत आला की आधी रातांधळेपणा येतो. दिवसभर खेळणारे मूल तिन्हीसांजेला एका जागी बसून राहते, भांड्याला अडखळते. पुढे डोळा कोरडा पडतो, पांढऱ्या भागावर फेसासारखे ठिपके दिसतात. फ्रान्समधील डॉक्टर बितो यांनी १८६३ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यानंतर मात्र रोग वाट पाहत नाही. बुबुळ मऊ पडते आणि काही दिवसांत झिजून फुटूही शकते.

उपाय मात्र फार जुना. सुश्रुतसंहितेत नक्तांध्यावर बोकडाचे यकृत सांगितले आहे. जपानमध्ये मोरी यांनी १९०४ मध्ये अशा मुलांना कॉड माशाच्या यकृताचे तेल देऊन बरे केल्याची नोंद केली. यकृतातला तो गुण कशाचा, हे १९१३ मध्ये अमेरिकेत कळू लागले. मॅकॉलम आणि डेव्हिस, तसेच ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थांत वाढीला लागणारा एक घटक दाखवून दिला. तेच पुढे अ जीवनसत्त्व ठरले.

यकृतात साठा होतो, तर एकदाच मोठा डोस देऊन तो भरून का ठेवू नये? या विचारावर हैदराबादच्या पोषण संशोधकांनी काम केले. १९७० मध्ये लहान मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. पुढे १९८० मध्ये आल्फ्रेड सॉमर आणि सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील कामावरून दाखवले, की तोंडाने दिलेला डोस इंजेक्शनइतकाच गुण देतो. म्हणजे सुई नको, चमचा पुरे. खेड्यापाड्यांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती.

पण या औषधाची मर्यादाही नीट समजून घ्यावी. बुबुळाची जखम लहान असताना डोस मिळाला, तर ती भरते आणि मागे राहणारा डागही लहान राहतो. पक्के बसलेले फूल मात्र अ जीवनसत्त्वाने पुसले जात नाही. मग उरते ती नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवण्याची शस्त्रक्रिया.

गोवरात तर हा साठा झपाट्याने संपतो. आणि आपल्याकडे गोवर आला की घरात फोडणी बंद, तेल-तूप बंद! हे जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्धांश लागतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी आपणच त्याची वाट अडवतो. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरांकडून हा डोस आवर्जून मिळायला हवा.

आज नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लशीबरोबर एक लाख युनिट आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, असे नऊ डोस दिले जातात. जादा डोस अपाय करतो, म्हणून ते आरोग्यसेविकेकडूनच घ्यावेत आणि कार्डावर नोंदवावेत. दिवेलागणीला नातवाकडे मात्र घरच्यांनीच लक्ष द्यावे. पुढे केलेली वाटी त्याला दिसत नसेल, तर सकाळी दवाखाना गाठावा. फूल पडण्याआधीचे दिवस मोजकेच असतात.