तिरुविडैमरुदूरची दीपलक्ष्मी

मराठ्यांनी कावेरीच्या काठी मागे ठेवलेल्या लेखांपैकी एकाची कीर्ती आपल्याकडे पुष्कळ आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले कुळाचा सविस्तर इतिहास मराठीत कोरविला. चिटणीस बाबूराव यांनी रचलेला हा लेख पाहिल्यावाचून मराठी प्रवासी तंजावर सोडीत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच मुलुखात, एका लहानशा गावी, दुसरा एक लेख आहे. तो फार थोडक्या अक्षरांचा, आणि मराठी नव्हे. मला तो अधिक बोलका वाटला.

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन-अडीच कोसांवर तिरुविडैमरुदूर लागते. संस्कृतात या क्षेत्राला मध्यार्जुन म्हणतात. ‘मरुदम्’ म्हणजे अर्जुनवृक्ष, आपला अर्जुनसादडा. उत्तरेस श्रीशैलचा मल्लिकार्जुन, दक्षिणेस तिरुनेलवेलीकडील तिरुप्पुडैमरुदूर आणि या दोहोंच्या मध्ये हे स्थान, म्हणून मध्यार्जुन. येथील महालिंगस्वामींची स्तुती संबंदर, अप्पर व सुंदरर या तिन्ही शैव संतांनी गायिली आहे. म्हणजे देवस्थानाची ख्याती चोळांच्या वैभवकाळाहूनही जुनी. गाव भातखाचरांत बसलेले आहे, आणि देवालय मात्र गावाला व्यापून उरणारे. गोपुरांमागे गोपुरे, प्राकारामागे प्राकार. पांड्य राजा वरगुण याच्या हातून नकळत ब्रह्महत्या घडली. तो पूर्वद्वाराने आत आला तेव्हा ते पातक दाराशी थबकले, आणि राजा पश्चिमद्वाराने निघून गेला, अशी कथा आहे. आजही कित्येक भाविक आल्या दाराने परत फिरत नाहीत.

मराठ्यांचा या गावाशी संबंध आला तो राज्य गेल्यामुळे. व्यंकोजी राजांनी स्थापिलेल्या तंजावरच्या गादीवर १७८७ मध्ये अमरसिंह बसले. १७९८ मध्ये इंग्रजांनी त्यांना दूर सारून सरफोजींना बसविले, आणि अमरसिंह येथे येऊन राहिले. इतिहासकारांची दृष्टी सरफोजींच्या ग्रंथसंग्रहावर खिळून राहिली, आणि सरस्वती महालासारखे भांडार उभे करणाऱ्याच्या वाट्याला ते आलेही पाहिजे. पण त्यामुळे या पदच्युत शाखेकडे पाहण्यास कोणाला सवड झाली नाही.

याच राजकुळातील अम्मुनू अम्मणी नावाच्या स्त्रीने प्रतापसिंहाशी आपला विवाह व्हावा म्हणून महालिंगस्वामींना लक्षदीपांचा नवस केला, असे सांगतात. मनोरथ पुरला. तिने दिवे लावले, आणि त्यांतला एक दिवा आपणच व्हावे म्हणून स्वतःची धातुमूर्ती करवून देवापुढे ठेविली. हातांत पणती धरून उभ्या असलेल्या अशा स्त्रीमूर्तीला तमिळमध्ये ‘पावै विळक्कु’ म्हणतात. आपण दीपलक्ष्मी म्हणू. दक्षिणेतील देवालयांत अशा मूर्ती पुष्कळ आढळतात, पण बहुतेक अनामिक. हिच्या बैठकीवर मात्र लेख आहे, १८५३ सालचा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, दुसऱ्या शिवाजी राजांच्या मृत्यूबरोबर तंजावरचे राज्य खालसा झाले.

हा लेख तमिळ आहे. मराठीचा अध्यापक या नात्याने मला प्रथम थोडे लागले. सरफोजींनी परमुलखात राहून मराठीचा केवढा अभिमान बाळगला, आणि पन्नास वर्षांत त्याच कुळातील स्त्रीने नवस फेडताना आपली भाषा बाजूला ठेवावी! पण विचार करता दिसले की दोघांचे वाचकच वेगळे. सरफोजींना आपला वंश काळापुढे मांडायचा होता. या बाईला आपण कोण आहोत हे सांगावयाचे होते ते देवाला, आणि रोज त्याच्या दाराशी येणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना. देवाला कोणतीही भाषा चालली असती. शेजाऱ्यांना तमिळच हवी होती.

इच्छापोरच्या वाचनालयाच्या सभासदांना हे निराळे समजावून सांगावयास नको. ज्यांच्या घरी मराठी आणि दारी गुजराती, त्यांना ही वाटणी रोजची आहे. एक गोष्ट मात्र मनात येते. शिवाजी महाराज १६६४ आणि १६७० मध्ये सुरतेस आले, आणि १६७७ मध्ये कावेरीच्या मुलखात व्यंकोजींना भेटले. सुरतेच्या लोकस्मृतीत मराठ्यांचे नाव अजून लुटीशी जोडलेले आहे. तिकडे ते एका गावात दिव्याशी जोडले गेले. याचे श्रेय तेथे पावणेदोनशे वर्षे नांदलेल्या राज्याला आहे, पण अम्मुनूसारख्यांनाही आहे.

मला तमिळ लिपी येत नाही. मूर्तीपाशी उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलाने, माझी अडचण पाहून, बैठकीवरचे नाव अडखळत वाचून दाखविले. गल्लीतल्या एखाद्या आजीचे नाव सांगावे तसे त्याने ते सांगितले. मी कोठला, असे त्याने खुणेनेच विचारले. सुरत त्याला ठाऊक नव्हती. ‘मराठी’ म्हणताच तो हसला आणि म्हणाला, ‘रायर!’ तिकडे आपल्या लोकांना तेच नाव आहे.